मेला हा पाऊस!

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)

माननीय अध्यक्षबाई, मंडळाच्या भगिनींनो, आणि चहा होईपर्यंत जागा सोडायची नाही अशा निश्चयाने मागच्या बाकांवर बसलेल्या शेजारच्या मंडळींनो,

भाषणाला उभी राहायची ही माझी पहिलीच वेळ. आजवरच्या वर्धापनदिनांना मी या पडद्यामागे, बटाटेवड्यांच्या कढईपाशी असे. यंदा चिटणीसबाईंनी बजावलं, "कढई दुसरीकडे सोपवा, तुम्ही चार शब्द बोला." विषयही त्यांनीच सुचवला होता : 'सुखी संसाराची गुरुकिल्ली'. मी दोन दिवस विचार केला आणि त्यांना सांगितलं की बाई, मला आमच्या सोसायटीच्या गच्चीची किल्लीसुद्धा वेळेवर मिळत नाही, तिथे संसाराची गुरुकिल्ली मी कुठून आणून देऊ? त्या म्हणाल्या, "मग रोज जिन्यात उभ्या राहून जे बोलता, तेच इथे बोला." तेव्हा आज मी कुरकुरीवर बोलणार आहे, आणि त्यातही पावसावरच्या कुरकुरीवर. ती गच्चीची किल्ली पुढे येणार आहे, तेवढी ध्यानात असू द्या.

आपण दोघीजणी जिन्यात भेटलो की पहिलं वाक्य हवेचं असतं, हे तुमच्या लक्षात आलंय का? "काय हो हे ऊन!" "कसलं मेलं हे आभाळ!" "पंखा लावावा तर गारठा, बंद करावा तर घाम." मग दुसरं वाक्य नळाचं, तिसरं सिलिंडरचं, चौथं गिरणीत वीज नव्हती म्हणून दळण राहिलं त्याचं. पण मान पहिला हवेचा. मला याचं कारण असं वाटतं, की हवा कोणाच्याच माहेरची नसते. सासूबाईंबद्दल बोलावं तर त्या आतल्या खोलीतून ऐकतात, यजमानांबद्दल बोलावं तर ते दोन दिवस फुगून बसतात, सूनबाईंबद्दल बोलायची तर आता सोयच राहिली नाही. पावसाला मात्र काय वाटेल ते बोला, तो उलटून बोलत नाही, आणि कोणी जाऊन त्याला सांगतही नाही.

पुरुष मंडळी हसतात या बोलण्याला. आमच्याकडे तर ठरलेलं वाक्य आहे : "पाऊस काय तुला विचारून पडणार आहे?" नाही हो पडणार. पण त्याच्या पडण्याचं काम माझ्या अंगावर पडतं, त्याचं काय? पावसाळा लागला की त्यांच्या लेखी एक छत्री आणि एक रेनकोट वाढला, संपलं. माझ्या घरात बघा. मीठ पाझरतं, म्हणून बरणीत तांदळाचे दाणे घालायचे. काडेपेटी सादळते. पोहे चिवट होतात. न्हाणीघराचं दार फुगून बसतं, ते खांद्यानं ढकलून उघडायचं आणि पायानं लावायचं. डाळीत पोरकिडे होतात. नातवाचे गणवेश दोन, त्यातला एक अंगावर आणि दुसरा दोरीवर दमट; सकाळी सव्वासहाला मी त्या चड्डीवर इस्त्री फिरवते तेव्हा तिच्यातून वाफ निघते. हे सगळं सांगितलं की 'किरकोळ आहे' म्हणतात. किरकोळच आहे. पण अशा किरकोळांचीच गाठोडी डोक्यावर घेऊन आपण चार महिने चालतो, आणि ती कोणी मोजत नाही.

मोजण्यावरून आठवलं. आमच्या शेजारच्या बंगल्यातले काका वेधशाळेत नोकरीला होते. पुण्यात शिवाजीनगरला सिमला ऑफिसचा चौक आहे ना, त्याला सिमला का म्हणतात हे मला वीस वर्षं त्या चौकात बस बदलूनही ठाऊक नव्हतं. काकांनी सांगितलं की हवामान खात्याची कचेरी आधी सिमल्याला होती, ती १९२८ साली पुण्यात आली, आणि येताना गावाचं नाव घेऊन आली. काका आता निवृत्त आहेत, पण खोड गेली नाही. अंगणात त्यांनी हौसेनं पर्जन्यमापक पुरून ठेवलाय, आणि रोज सकाळी साडेआठच्या ठोक्याला ते हातात मापाचं नळकांडं घेऊन तिथे वाकलेले दिसतात. काकू म्हणतात, "इतक्या वेळेवर हे कधी देवपूजेला बसले नाहीत."

आता मी त्या दिवसाकडे येते. २०२५ सालचा मे महिना. मी दोन किलो गव्हाच्या कुरडया घातल्या होत्या. नव्या मुलींसाठी सांगते, कुरडई म्हणजे दुकानातून पुडा आणला आणि तळली एवढंच नव्हे. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, त्या आंबूस वासाला घरातल्यांनी नावं ठेवायची. मग वाटायचे, चोथा पिळून चीक काढायचा, रात्रभर निवू द्यायचा, पहाटे वरचं पाणी हलक्या हातानं ओतायचं, आणि आधणात हिंग-मीठ घालून तो चीक घोटायचा. घोटता घोटता दंड भरून येतो, गुठळी झाली तर सगळं वाया. तो गरम असतानाच सोऱ्यातून जुनेरावर पाडायचा, म्हणजे हे सगळं उन्हं चढायच्या आत. मग पुढे दोन-तीन दिवस कडक ऊन हवं. पाच दिवसांची मेहनत आणि शेवटचे दोन दिवस आभाळाच्या स्वाधीन.

माझ्या सासूबाईंचा हिशोब साधा होता. वाळवणं अक्षय्य तृतीयेपासून काढायची, रोहिणी लागली की मसाला कुटून डबे बंद, आणि मृगाच्या आत लोणचं बरणीत. मृग म्हणजे ७-८ जून. पंचांगात नक्षत्राचं वाहन बघायच्या. बेडूक, म्हैस, हत्ती निघाला की खूश, मेंढा निघाला की नाक मुरडायच्या. त्यांचं वाहन दरवर्षी बरोबर यायचं असं मी म्हणणार नाही, पण वाळवणाचा हिशोब सहसा चुकला नाही. आता तोच चुकायला लागलाय. मुंबईला मोसमी पाऊस पोचायची सरासरी तारीख ११ जून धरतात. २०२३ साली तो पोचला २५ जूनला. आणि २०२५ साली? २६ मेला! १९५० पासूनच्या नोंदींत इतक्या लवकर तो कधी आला नव्हता. दोन वर्षांच्या अंतरानं एक महिन्याचा फरक. दूधवाला दोन तास उशिरा आला तर आपण त्याला दारात उभं करून विचारतो, याला कोणी विचारायचं?

तर मेचा मध्य होता. सकाळी लख्ख ऊन. माझ्या कुरडयांचा दुसरा दिवस. मोबाइलवर सूर्याचं पिवळं चित्र आणि खाली बारीक अक्षरात 'तुरळक ठिकाणी हलक्या सरी'. मी मनात म्हटलं, तुरळक म्हणजे आपल्याकडे नाही. अडीचपर्यंत अंगाची काहिली झाली, सव्वातीनला खिडकीतला उजेड एकाएकी मळकट झाला, वारा सुटला, दारं आपटली आणि मातीचा वास आला. हा वास कवींना आवडतो. गच्चीवर वाळवण असलेल्या बाईला या वासानं धडकी भरते.

मी तशीच अनवाणी चार मजले चढले. वर पोचते तो गच्चीच्या दाराला कुलूप. माझ्या आधी तिथे खालच्या मजल्यावरच्या वहिनी उभ्या होत्या, दाराच्या जाळीला दोन्ही हात लावून. किल्ली सोसायटीच्या एका पदाधिकाऱ्यांकडे, आणि ते दुपारचे बाहेर गेलेले. दुसरी किल्ली पहारेकऱ्याकडे, तो जेवायला. आम्ही दोघी त्या जाळीतून बघत उभ्या राहिलो. मोठाले टपोरे थेंब, जुनेरावर पटपट पटपट. दहा मिनिटं. एवढंच. मग स्वच्छ ऊन पडलं, कोल्ह्याचं लग्न लागल्यासारखं. पहारेकरी धावत किल्ली घेऊन आला तेव्हा गच्चीतून वाफा निघत होत्या.

संध्याकाळी मी काकांच्या फाटकाशी उभी राहून पावसाचा उद्धार केला. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वही आणून दाखवली. म्हणाले, "वहिनी, एक पूर्णांक आठ मिलिमीटर. आमच्या हिशोबानं काल पावसाचा दिवसच नव्हता."

"म्हणजे?"

"चोवीस तासांत अडीच मिलिमीटर किंवा त्याहून जास्त झाला तरच त्याला पावसाचा दिवस धरतात."

म्हणजे बघा. माझ्या पाच दिवसांच्या कुरडयांचा लगदा झाला आणि सरकारदरबारी त्या दिवशी पाऊस पडलाच नाही! मला इतका राग आला की मी काकांनाच म्हटलं, तुमच्या त्या नळकांड्यात एक कुरडई टाका आणि मग मापा.

पण काका भले गृहस्थ. त्यांनी मला 'तुरळक'चा अर्थ समजावला. एखाद्या भागात पाऊस मोजायची जितकी केंद्रं असतील, त्यांच्यातल्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच पाऊस होईल असं वाटलं की 'तुरळक ठिकाणी' म्हणतात. पुढे काही ठिकाणी, बऱ्याच ठिकाणी, अशा चढत्या पायऱ्या. उन्हाळ्यातला वळीव तर असा, की जमीन तापते, तिच्यालगतची हवा हलकी होऊन वर चढते, तिच्यात बाष्प असेल तर दुपारनंतर ढगांचे मनोरे उभे राहतात आणि तासाभरात रिकामे होतात. असा ढग दोन-चार मैलांचा असतो. अमुक जिल्ह्यात आज वळीव होईल हे सांगता येतं, पण तो तुमच्या गच्चीवर की शेजारच्या पेठेत, हे सकाळी सांगणं कोणालाच शक्य नाही. त्यांनी मला आणखी एक सांगितलं, ते मला फार आवडलं. आपल्याकडे पूर्वी हवा मोजायची उपकरणं परदेशातून आणावी लागत. ती इथेच घडवायचं काम ज्यांनी मोठं केलं त्यांत एक बाई होत्या, ॲना मणी. केरळातल्या. १९४८ साली पुण्याच्या वेधशाळेत रुजू झाल्या आणि १९७६ साली निवृत्त झाल्या तेव्हा खात्याच्या उपमहासंचालक होत्या. मी विचारलं, त्यांनी कधी कुरडया घातल्या होत्या का? काका म्हणाले, ते वेधशाळेच्या नोंदीत नाही.

असो. पाऊस कुठे आणि का पडतो ते कळलं म्हणून कुरडया परत येत नाहीत. मी आठ दिवस भेटेल तिला माझी कहाणी ऐकवली. आणि खरं सांगायचं तर तुम्हीही प्रत्येकीनं आपापली मला ऐकवली. कोणाचे साबुदाण्याचे पापड, कोणाचे सांडगे, कोणाची भरली मिरची. मंडळाच्या त्या शनिवारच्या बैठकीत हिशेबाचा विषय होता, पण पाऊणतास आपण फक्त पावसाला शिव्या दिल्या आणि हिशेब पुढच्या बैठकीवर ढकलला. मजा आली होती, नाही का? मलाही आली.

त्या बैठकीत खालच्या वहिनी होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. मी त्यांच्याकडे वळून म्हटलंही, "काय हो वहिनी, तुमच्याही भिजल्या ना?" त्या हसून म्हणाल्या, "भिजल्या थोड्या. चालायचंच." आणि वर माझीच समजूत काढली, की तुमच्या वरच्या थरातल्या टिकतील, तळून बघा. घरी जाताना आम्ही दोघी-तिघी म्हणत होतो, कशी बाई हसतमुख! अकरा वर्षं शेजारी आहे, पण तोंडातून कधी तक्रारीचा शब्द नाही. नाहीतर आपण!

(हे मी त्यांना विचारून सांगते आहे. नाव घेऊ नका एवढीच त्यांची अट आहे. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी कृपा करून वळून बघू नये.)

श्रावणात माझ्या भाचीची मंगळागौर होती. हळदीकुंकू लावताना माझ्या सासूबाईंनी, त्यांना आता ऐकू कमी येतं पण दिसतं मात्र सगळं, मला आत बोलावून विचारलं, "तिच्या हातातल्या पाटल्या गं कुठे गेल्या?" मी पाहिलं तर वहिनींच्या हातात नुसत्या काचेच्या बांगड्या.

दुसऱ्या दिवशी मी दुपारी खाली गेले. आढेवेढे घेतले त्यांनी, पण अखेर कळलं ते असं. त्यांच्या यजमानांचं काम वर्षभरापूर्वी सुटलं होतं. घर चालत होतं ते वहिनींच्या कुरडया-पापडांवर. त्या मेमध्ये त्यांनी माझ्यासारख्या दोन किलोच्या नाही, वीस किलो गव्हाच्या कुरडया घातल्या होत्या, आणि पंधरा घरांकडून आगाऊ पैसे घेतले होते. त्यातले काही गव्हात आणि गॅसमध्ये गेले, उरलेले मुलीच्या कॉलेजच्या प्रवेशात. त्या दहा मिनिटांत वीस किलोंचं पीठ झालं. पुन्हा गहू भिजत घातले तोवर आभाळ गच्च झालं ते उघडलंच नाही, आणि २६ मेला तर पावसाळाच आला. पंधरा घरांचे पैसे परत करायला पाटल्या गहाण पडल्या.

मी म्हटलं, "अहो, मग बोलायचं नाही का? मंडळाची भिशी आहे, आम्ही सगळ्या होतो."

तर त्या म्हणाल्या, "कधी बोलू? तुम्ही सगळ्या इतक्या रंगात येऊन पावसाला बोलत होता. तुमच्या दोन किलोंच्या शेजारी मी माझे वीस किलो आणून ठेवले असते, तर तुम्हांला आपलं बोलणं लाजिरवाणं वाटलं असतं. कशाला उगीच रंगाचा बेरंग करायचा?"

मी गप्प बसले. पण खरं गप्प व्हायचं कारण पुढेच होतं. उठताना मी म्हटलं, "सगळा घोळ त्या कुलपानं केला. कोणाच्या डोक्यातून ही कुलपाची कल्पना निघाली कोण जाणे." वहिनी काही बोलल्या नाहीत. नुसत्या हातातली वाटी पुसत राहिल्या. आणि मी अर्धा जिना चढून आल्यावर मला आठवलं.

ते कुलूप माझ्या तक्रारीनं बसलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी मी गच्चीवर मिरच्या वाळत घातल्या होत्या, आणि पोरांच्या चेंडूनं त्या विस्कटल्या. मी सोसायटीच्या सभेत आमच्या यजमानांकडून लेखी अर्ज दिला होता, की दुपारी गच्ची बंद ठेवावी. ठराव झाला. सगळ्यांनी मान डोलावली. वहिनींनीही. त्या दिवशी जाळीपाशी माझ्या शेजारी उभ्या असताना त्यांना हे आठवत असणार, आणि दहा मिनिटं त्या माझ्या तोंडून पावसाला दिलेल्या शिव्या ऐकत उभ्या होत्या.

मी हे सासूबाईंना सांगितलं. त्यांनी एकदम पानशेत काढलं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि मागोमाग खडकवासल्याचं. नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं, वाडेच्या वाडे बसले. सासूबाई तेव्हा नव्या नवरी, घर उंचावर म्हणून वाचलेलं. त्या म्हणाल्या, "त्या दिवशी कोणी कोणाला काही मागितलं नाही. मी आणि माझ्या जावेनं दोन दिवस भाकऱ्या बडवल्या, कोणासाठी ते ठाऊक नव्हतं. टोपली बाहेर गेली की रिकामी परत यायची. एवढं मोठं पाणी सगळ्यांना दिसतं गं. तिच्या गच्चीत पडलं ते कोणाला दिसणार?"

मला तेव्हापासून हे सारखं मनात येतं. पूर आला तर वर्तमानपत्रात येतं. शेतातलं पीक भिजलं तर पंचनामा तरी होतो. हातात काय पडतं आणि किती महिन्यांनी, ते आपण वाचतोच, पण तलाठी येऊन लिहून तरी घेतो. अडीच मिलिमीटरच्या आतल्या पावसाचा पंचनामा कोण करणार? तो आपणच एकमेकींचा करायला हवा होता, आणि त्याची वेळ आली तेव्हा मी माझ्या दोन किलोंचं गाणं गात बसले होते. कुरकुर वाईट नव्हती हो. आपण सगळ्या एकदम बोलत होतो आणि कोणी ऐकत नव्हती, एवढंच. जी बोलत नव्हती तिला आपण हसतमुख म्हणून प्रशस्तिपत्रक देऊन टाकलं होतं.

मग काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण चिटणीसबाई घड्याळाकडे बघताहेत. सोसायटीच्या पुढच्या सभेत मी उभी राहून माझाच अर्ज मागे घेतला. त्याला भाषण म्हणता येणार नाही, आवाज कापत होता. एका गृहस्थांनी विचारलं, "आता पोरं गोंधळ घालतील त्याचं काय?" मी म्हटलं, घालू देत, त्यांना वाळवण राखायला बसवू. पैशांचं म्हणाल तर भिशीतली पहिली पाळी वहिनींना दिली. मदत म्हणून नाही. पाळी कोणाला तरी द्यायचीच होती, आणि त्यांनी हप्ते आजवर तारीख न चुकवता भरलेत. पाटल्या अजून सुटलेल्या नाहीत. एक सुटली आहे.

आणि दिवाळीआधीची गोष्ट. वहिनींनी चकलीच्या भाजणीच्या ऑर्डरी घेतल्या होत्या. तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, मूग, सगळं धुऊन गच्चीच्या सावलीत पंचांवर पसरलेलं. दुपारी चारला आभाळ आलं. मी पोळ्यांची कणीक मळत होते. दारावर धडाधडा थापा. उघडलं तर वहिनी, पदर खोचलेला, केस सुटलेले, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ऐकलं : "अहो चला आधी! मेला हा पाऊस! दिवाळी आली तरी याचं पोट भरत नाही! माझ्या नशिबालाच मेला टपून बसलाय!" आणखीही काही म्हणाल्या, ते या व्यासपीठावरून सांगण्यासारखं नाही. मी कणकेच्या हातांनी धावले. दुसऱ्या मजल्यावरच्या ताई आल्या, त्यांची सून आली, क्रिकेट खेळणारी ती पोरं आली. पाच मिनिटांत सगळं धान्य खाली. आणि मग, तुम्हांला सांगते, थेंब पडला नाही! आभाळ तसंच निघून गेलं. वहिनी जिन्यात बसून पुन्हा त्याला बोलायला लागल्या, की यायचं नव्हतं तर दाखवलंस कशाला मेल्या! आम्ही सगळ्या त्यांच्याभोवती बसून ऐकत होतो. अर्धा तास कोणी आपलं काही सांगितलं नाही. माझ्या कणकेवर तोवर खपली धरली होती, तेही नाही सांगितलं.

येत्या उन्हाळ्यासाठी दोन ताडपत्र्या घ्यायच्या ठरल्या आहेत, त्यांची वर्गणी पेटीत टाकायची आहे. ज्यांची राहिली आहे त्यांनी चहाच्या आधी टाकावी, नंतर कोणी टाकत नाही असा अनुभव आहे. वाळवणं यंदा अक्षय्य तृतीयेची वाट न बघता चैत्रातच काढायची, असं काकांचंही मत पडलं. दुपारी एक ते चार कोणी घरी राहायचं याची पाळी फळ्यावर लिहिली आहे. मंगळवार अजून रिकामा आहे. पोरांना प्रत्येक पाळीला दोन पापड आणि चीक खायला मिळेल, या अटीवर तीही तयार झाली आहेत. त्यांनी चीक आधी चाखून बघितला, मगच होकार दिला.

आणि गच्चीची किल्ली आता आमच्या दाराशेजारच्या खिळ्याला असते, रात्रंदिवस, कोणीही न विचारता घ्यावी. म्हणजे, असते असं मी म्हणते आहे खरी, पण मघापासून या खिडकीतून बाहेर बघतेय, पौष महिना असूनही आभाळ बरंच खाली आलेलं दिसतंय, आणि ताईंनी सकाळीच गाद्या उन्हात घातल्यात. आणि इकडे येताना घाईत किल्ली मी माझ्या या पिशवीत टाकली, ती माझ्याजवळच आहे. तेव्हा अध्यक्षबाई, माफ करा, मी आधी घरी जाऊन येते. वडे माझ्यासाठी ठेवा.